नव्या मालकिणीचा पत्ता

प्रिय बारक्या,

रागावू नकोस, पण काल मी तुझ्या घरी जाऊन आले. म्हणजे आपल्या घरी, म्हणजे आता त्या बाईंच्या घरी. सहा वर्षं दावा चालवूनही घर नक्की कोणाचं, ते मला एका दमात सांगता येत नाही बघ. दावा चालू असतानाच तू घर विकलंस, म्हणून माझ्या वकिलांनी विकत घेणाऱ्या बाईंनाही प्रतिवादी करण्याचा अर्ज दिला. त्याची नोटीस घेऊन बेलिफ निघाला आणि म्हणाला, घर दाखवायला वादीनेच बरोबर यायचं असतं.

त्याला कोपऱ्यावर थांबवून मी आधी एकटीच आत गेले, हे माझं चुकलं. बाई चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, घरी त्यांची अंथरुणाला खिळलेली आई. त्यांनी मला नाकावरून ओळखलं. आपलं नाक काही लपत नाही. तू म्हणे त्यांना सांगून ठेवलं होतंस की ताई कधी आली तर तिला माडीवरच्या खोलीत हवा तितका वेळ बसू द्या. दाव्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. अर्धं सांगायचं नि अर्धं गिळायचं, ही तुझी जुनीच खोड. मी पाणी पीत होते तेवढ्यात बेलिफ आत आला. नोटीस वाचता वाचता बाईंनी आईच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथे तिसरीच्याच गळ्याला फास.

खरं सांगते, मला घर नकोच होतं. आपलं बोलणं तुटल्यावर तारखेला तरी तू दिसायचास. समोरच्या बाकावर बसून जांभया द्यायचास. वाळलास की भरलास, ते मला कळायचं. म्हणून वकिलांना पुढची तारीख मागायला मीच लावायचे. घर विकल्यापासून तू येईनासा झालास, तुझा वकील एकटाच येतो. बाईंचं नाव घालायला मी हो म्हटलं, तेही चिडून तरी येशील म्हणून. बुधवारी त्या अर्जावर सुनावणी आहे. मी दावाच काढून घेणार आहे. त्यानंतर तुला बघायला माझ्याकडे तारीख उरणार नाही. एवढ्या एका तारखेला ये.

तुझीच,
ताई