गाडीचे पुढचे पाय

७ फेब्रुवारी

बदलला एकदाचा मोटरसायकलचा फोर्क! हँडलपासून चाकापर्यंतचे ते दोन दांडे — गाडीचे पुढचे पायच. जुने ओढ्यातल्या धोंड्यावर वाकले होते. गॅरेजवाल्याने मोडीत निघालेल्या शर्यतीच्या गाडीचे काढून माझ्या गाडीला चढवले. "डॉक्टरीणबाई, बघा, वाघीण झालीय!" दिसते तर खरंच वाघीण. सासूबाई म्हणाल्या, "तोंड तिकडे करून उभी कर. माझ्याकडे बघतेय."

९ फेब्रुवारी

वाघीण कसली, दगडी पाटा नुसता! वरच्या वस्तीवर गेले. प्रत्येक खडा मनगटात, मनगटातून कोपरात, तिथून थेट दातांत. पोचले तेव्हा बोटं माझी नव्हतीच. शेळीची जखम शिवायची होती. सुई दोनदा खाली पडली. शेवटी शेळीच्या मालकिणीने — सगळी वस्ती तिला मावशीच म्हणते — माझे दोन्ही हात स्वतःच्या काखेत दाबून धरले, काकडलेल्या पोरीचे धरावेत तसे. "राहू दे जरा. शेळी काय पळून जातेय?" शेळीने नेमका तेव्हाच पळायचा बेत केला!

टाके नीट पडले. पण मी घाबरले आहे. मुकं जनावर — काय होतंय ते सांगणार कसं? माझं निम्मं शिक्षण बोटांत आहे. बोटंच बधिर झाली तर?

मावशीची गाय महिनाअखेरीला व्यायची. पहिलंच वेत, आणि वासरू अंगाने मोठं वाटतंय.

१० फेब्रुवारी

गॅरेजवाला म्हणतो, "नवीन आहे, बसेल हळूहळू." नव्या चपलेबद्दल सांगतात तसं!

१३ फेब्रुवारी

सुट्टी. गाडीला पेशंट समजून तपासलं. हँडल दाबलं की खाली जाते, पण वर येताना मध्येच अडते, सांधा धरल्यासारखी. नवऱ्याला बोलावलं. हा वसतिगृहात आचारी. एवढ्या पोरांचं जेवण हसत उरकतो, पण हातात पाना दिला की तोंडी परीक्षेला उभा केल्यासारखा चेहरा.

"चाकाच्या दांड्याचे नट सैल कर. आता हँडल दाब. जोरात! अजून!"

"अगं, गाडी आहे की पिठाचा गोळा?"

"गोळाच समज. मळ!"

मळता मळता खट्कन आवाज झाला आणि दोन्ही पाय सरळ झाले. चाक बसवताना ते एकमेकांकडे ओढून आवळले गेले होते, म्हणून आत घासत होते. मग सावकाश, पाय सरळ ठेवून, सगळे नट परत आवळले.

चक्कर मारून आले. निम्मं दुखणं पळालं! बारीक खडे कळतसुद्धा नाहीत. मोठा दगड आला की मात्र अजून तोच दणका — थोडं दबते आणि मग भिंतीवर आदळल्यासारखी. पण आज झोप छान लागणार.

१६ फेब्रुवारी

कळलं!! एका वासराचं पोट फुगलं होतं. आत हवा आहे की पाणी, म्हणून टिचकी मारून ऐकत होते आणि डोक्यात उजेड पडला. फोर्कमध्येही खाली तेल, वर हवा. हवा दबते, तेल दबत नाही. कुणीतरी तेल गळ्यापर्यंत भरून ठेवलं असेल, तर दबायला उरलं काय? शिवाय ते जाड असणार — धिप्पाड गड्यांच्या उड्यांसाठीचं. मी पडले काडीपैलवान!

वासराचा मालक विचारत होता, "काही गंभीर आहे का?" मी हसत होते. बिचारा.

२० फेब्रुवारी

आजचा दिवस सोन्याचा.

अंगणात घाट घातला. वरची झाकणं उघडून स्प्रिंगा काढल्या, तशी गाडी पुढून गुडघे टेकून बसली. गुरांना औषध पाजायची मोठी पिचकारी घेतली, तिला नळी जोडली आणि तेल ओढायला लागलो. काळंकुट्ट, काकवीसारखं! नवरा दट्ट्या ओढत होता. नळी निसटली. त्याचा पांढरा एप्रन, मिशी, एक कान — सगळं काळं. तो असा ओरडला की शेजारीण गच्चीवर आली. सासूबाई हसून हसून खुर्चीत कोसळल्या. "सून गाडीला इंजेक्शन देते आणि ओरडतो माझा मुलगा!"

नवं पातळ तेल ओतताना त्याने माझा हात धरला. "थांब. पट्टीने मोज."

"तू मीठ अंदाजानेच घालतोस ना?"

"मीठ चुकलं तर पोरं कुरकुरतील. हे चुकलं तर तू पडशील."

मी गुपचूप पट्टी आणली.

२१ फेब्रुवारी

मुद्दाम मोठमोठ्या दगडांवर घातली. खाली बसते, उठते, पुढे जाते. मी आरडाओरडा करत गेले. कुणी ऐकलं असेल तर असो!

२७ फेब्रुवारी

दुपारी मावशीचा निरोप — गाय अडली. निघाले तशी पोचले, कुठे थांबले नाही. हात धुतले, एक आत घातला. वासराचा एक पुढचा पाय मागे मुडपलेला. डोळे मिटून बोटांनी शोधत गेले... गुडघा... नळीचं हाड... खूर. खुराला तळहाताची वाटी केली, म्हणजे आत ओरखडा नको, आणि कळ थांबल्याबरोबर हळूच पुढे वळवला. मग मावशी, तिचा भाऊ आणि मी, तिघांनी मिळून ओढलं. धप्पकन बाहेर! कालवड. शिंकली आणि डोकं झाडलं. गाय चाटायला लागली.

मावशी कालवडीकडे बघेचना, माझ्या हातांकडे बघत होती. "बरे आहेत गं," मी म्हटलं. तिने त्यांवर कोमट पाणी ओतलं. खूप वेळ ओतत राहिली.

५ मार्च

वस्तीवरून खाली येत होते. वळणावर दोन सरकारी माणसं, लाल-पांढऱ्या काठ्या, मोजायची फीत. "डांबरी रस्ता मंजूर झालाय, बाई. वर्षभरात मोटार वर जाईल. रुग्णवाहिकासुद्धा." तिसरा गडी आला नव्हता, म्हणून त्यांचं अडलं होतं. मी बसल्या बसल्याच हँडल एकदा दाबून सोडलं; वाघीण खाली बसली, उठली. मग उतरले आणि म्हटलं, "द्या, एक टोक मी धरते."