डाव्या हाताने उचलेल असे बॉनेट

लिहून ठेवणार: मी, दोघा भावांतला थोरला, वय वर्षे छप्पन, धंदा मोटारींना फायबरची बॉनेटे बसविणे, बाजारात ‘शास्त्री’ म्हणून ओळखला जाणारा.

हे लिहिताना मी पूर्ण शुद्धीवर असून माझ्यावर कोणाचे दडपण नाही. सकाळपासून दोन कप चहा झाला आहे, तेवढा रोजच होतो. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. बोटांचा दिलेला नाही. जन्मभर बॉनेटखाली मान घातल्याने मणक्याने शीर दाबून धरली आहे आणि दोन्ही हातांच्या बोटांना काही लागत नाही. डॉक्टरांनी टाचणी टोचून विचारले, “इथे कळतंय का?” मी म्हटले, “टोचलेलं दिसतंय.” उद्या मानेची शस्त्रक्रिया आहे. पत्नी गेल्यापासून बाकीही फारसे काही लागत नाही, हे मी त्यांच्या कानावर घातले. त्यावर ते शस्त्रक्रिया करीत नाहीत.

उद्या काहीही होऊ शकते, असे त्यांनी लिहून घेतले आहे. म्हणून मीही लिहून ठेवतो.

वकीलबाईंनी नमुना दिला आहे. त्यात ‘स्थावर व जंगम मालमत्ता’ असे शब्द आहेत. जंगम म्हणजे चालणारे. माझ्या शेडमध्ये जे चालते ते गिऱ्हाइकाचे आणि जे चालत नाही ते माझे, असा हिशेब असल्याने वाटणी सोपी आहे.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व जिन्याखालची जागा, माझ्या मुलीला द्यावे. स्वयंपाकघरातल्या कपाटाचे डावे दार चौकटीला घासते. लोकांच्या गाड्यांच्या फटी मी जन्मभर जुळवल्या, ते दार तेवढे राहिले. हिने शेवटी वैतागून बिजागरीत पुठ्ठ्याची घडी सारली, तेव्हापासून ते लागते. पुठ्ठा काढू नये.

कलम २. बँकेतली ठेव मुलीला. तिने ती खर्च करावी. सांभाळण्याचे काम मी करून ठेवले आहे.

कलम ३. माझे शिक्षण संस्कृतात झाले. त्या भाषेत गाडीला रथ म्हणतात आणि बॉनेटला काहीच म्हणत नाहीत, त्यामुळे वडिलांच्या पत्राकामाच्या शेडमध्ये यावे लागले, याचे मला विशेष वाईट वाटले नाही. पुस्तके मुलीने ज्याला वाचता येतील त्याला द्यावीत. शब्दकोशाच्या पानांवर माझ्या अंगठ्याचे काळे ठसे आहेत. घेणाऱ्याने ती टीका समजू नये.

कलम ४. माझे मेहुणे, म्हणजे हिचे थोरले बंधू, चार माणसांत माझ्या कामाला ‘प्लॅस्टिकची झाकणं’ म्हणत आले आहेत. त्यांना आमच्या घरातल्या सर्वांत मोठ्या पातेल्याचे झाकण द्यावे. ते स्टीलचे आहे. पातेले मुलीकडे राहील.

कलम ५. ज्याला घाई असेल त्याने इथूनच वाचावे. मृत्युपत्र करण्याचे कारण हे एकच कलम आहे.

शेडच्या मागे ताडपत्रीखाली उभी असलेली पांढरी मोटार माझ्या पत्नीची. तिच्यावर ती बायकांना गाडी शिकवीत असे. पहिल्या दिवशी शिकायला आलेलीला स्टिअरिंगला हात लावू देत नसे. “आधी बॉनेट उघडायचं. पाणी बघायचं, ऑइल बघायचं. जिला हे झाकण उचलत नाही, तिला पुढचं काही नाही.” झाकण हा शब्द माहेरचा. तिच्या तोंडून तो मला कधी लागला नाही.

मग तिचे दुखणे निघाले. उजव्या काखेत शस्त्रक्रिया झाली आणि तो हात खांद्याच्या वर जाईना. मूळ बॉनेट लोखंडी पत्र्याचे, जड. तिने एकदा डाव्या हाताने उचलून पाहिले, अर्ध्यावर सोडून दिले आणि शिकायला आलेल्या बाईंना म्हणाली, “आज सुट्टी.” ती सुट्टी लांबत गेली. एक दिवस ती शेडमध्ये येऊन मला म्हणाली, “अहो, सगळ्या जगाच्या गाड्या हलक्या करता. माझी कधी करणार?”

माझी गिऱ्हाइके बॉनेट हलके मागतात ते गाडी पळावी म्हणून. गाडी उभी असताना हलके हवे असणारी ती एकटीच.

मी तिच्या गाडीची तीन बॉनेटे मागवली. एकाच साच्यातून निघालेली बॉनेटेही सख्ख्या भावंडांसारखी असतात, हुबेहूब निघत नाहीत. कडा कुठे जास्त असते, कुठे कमी. म्हणून आमच्या शेडची पद्धत अशी: बॉनेट आधी कोरेच गाडीवर ठेवून पाहायचे. दोन माणसे लागतात, दोन बिजागऱ्यांना दोघे. दोन्ही मडगार्डांशी फट सारखी येईपर्यंत कडा घासायची. पुढे दोन पिना बसवायच्या, कारण कंपनीच्या नुसत्या लॉकवर हलके बॉनेट वेगात उघडून काचेवर येते. एवढे झाले की खालच्या बाजूला डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीची खूण करायची. ती खूण मी करतो. ती दिसल्याशिवाय माझा धाकटा भाऊ, जो रंगाचे काम पाहतो, स्प्रेगन हातात घेत नाही. आमच्यात याबद्दल बोलणे होत नसे, गरजही नव्हती.

बॉनेटे आली त्याच सुमारास हिला पुन्हा दवाखान्यात ठेवावे लागले. ती घरी यायची होती त्याच्या आदल्या दिवशी धाकट्याने मला हाक मारली. “दादा, बघ.” तिला लांबून दिसेल असा पिवळा हवा होता. त्याने तिन्हींतल्या एकाला तो इतका सुरेख दिला होता की त्यात शेडची खिडकी दिसत होती. आम्ही ते उचलून गाडीवर ठेवले. डावी कड मडगार्डवर बोटभर चढली. घासायचे तर रंग जाणार.

“बसवून न बघता रंगवलंस?”

“खूण होती की.”

“मी केली नाही.”

“मग काय भुतानं केली?”

“खोटं कशाला बोलतोस?”

“मी खोटं बोलतो?”

एवढेच बोलणे झाले. आवाज कोणाचाही चढला नाही. बॉनेट भिंतीला उभे करून ठेवले ते आजही तिथेच आहे. ही घरी आली, पण जिना उतरून गाडीपर्यंत यायची वेळ पुन्हा आली नाही. ती गेल्यावर आम्ही दोघांनी शेडच्या मधोमध प्लायवूडचे पार्टिशन घातले. तेव्हापासून गिऱ्हाइके बॉनेट डोक्यावर घेऊन माझ्या दारातून निघतात आणि शेडला वळसा घालून त्याच्या दारात जातात. बॉनेट ठेवून पाहताना दुसरी बिजागरी शेजारच्या गाळ्यातला लेथवाला धरतो. धरतो चांगली, बोलतो फार.

गेल्या महिन्यात मुलीचा फोन होता.

“बाबा, तुम्ही आणि काका कशावरून भांडलात, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.”

मी सांगितले.

“खूण कुठे होती म्हणालात?”

“खाली. डाव्या कोपऱ्यात.”

“ती आईची आहे. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी शेडमध्ये आलो होतो. तुम्ही नव्हता, काकाही नव्हता. तिनं तिन्ही बॉनेटं डाव्या हातानं उचलून बघितली आणि एकावर रेघ ओढली. म्हणाली, हे माझं. बाबा, पेन्सिल मीच दिली तिला, तुमच्या टेबलावरची.”

मी बरे म्हटले. फोन ठेवला. पेन्सिल टेबलावरच होती. चहा निवाला होता, तो प्यालो.

म्हणजे धाकटा खोटे बोलत नव्हता आणि मीही नव्हतो. हे त्याला कळायला हवे. पार्टिशनला वळसा घालून जाण्यापेक्षा मृत्युपत्र करणे मला सोपे वाटले.

सबब, माझ्या पश्चात हे कलम प्रथम धाकट्याला वाचून दाखवावे. त्यानंतर त्याने ते पिवळे बॉनेट त्या गाडीवर बसवावे. लेथवाल्याने माझी बाजू धरावी व त्या वेळी बोलू नये. डावी कड लागेल तेवढी घासावी, रंग गेला तर जाऊ द्यावा. बिजागरीची स्प्रिंग लोखंडी बॉनेटच्या वजनाची असते, ती काढून टाकावी आणि टेकूला काठी द्यावी, नाहीतर फायबर मागून वाकेल. धाकट्याला हे माहीत आहे, तरी लिहितो. मग गाडी मुलीला द्यावी. त्याने नाही म्हटले, तर गाडी आहे तशी लोखंडी बॉनेटासह मुलीला द्यावी आणि पिवळे मोडून टाकावे. ते दुसऱ्या कोणाच्या गाडीवर दिसू नये.

मीच का बसवीत नाही, असे कोणी विचारील. फट डोळ्याने दिसते ती खरी नसते, अंगठ्याने पाहावी लागते. माझ्या अंगठ्याला आता कळत नाही.

कलम ६. शेडचा माझा अर्धा भाग, हत्यारे व कॉम्प्रेसर धाकट्याला. पार्टिशनचे प्लायवूड दोघांनी मिळून आणले होते, त्यातली माझी बाजूही त्यालाच.

ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, असे वकीलबाईंनी बजावले आहे. त्यामुळे झाकणापायी मेहुणेही बाद झाले. लेथवाल्याला बोलावले आहे. दुसरा साक्षीदार पाहायचा आहे.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

लेथवाल्याला मी फक्त सहीची जागा दाखवली होती. त्याने खुर्ची ओढली आणि पहिल्या ओळीपासून ओठ हलवीत सगळे वाचले.

“शास्त्री, हे तुम्ही गेल्यावर वाचायचं?”

“हो.”

“आणि तोवर तो तिकडे, तुम्ही इकडे?”

“हो.”

“आणि उद्या ऑपरेशन.”

“हो.”

“बरं,” म्हणाला, पेन खाली ठेवले आणि उठून गेला. थोड्या वेळाने पार्टिशनपलीकडून त्याचा आवाज येऊ लागला. शब्द कळत नव्हते. मग धाकट्याची स्प्रेगन बंद झाली.

धाकटा वळसा घालून आला. मास्क गळ्यात लोंबत होता, हातात घासायचे मशीन होते. दारातच उभा राहिला.

“खूण वहिनीची?”

“हो.”

“मला वाटलं, तू मुद्दाम नाही म्हणतोयस.”

“मलाही तसंच वाटलं.”

त्याने भिंतीकडे पाहिले. “काय धूळ साचू दिलीस रे दादा यावर.”

मग आम्ही ताडपत्री काढली. लोखंडी बॉनेट उतरवले, स्प्रिंगा काढल्या. तो डावीकडे, मी उजवीकडे.

“मी उचल म्हटलं की उचलायचं. आधी नाही.”

“मला शिकवतोस?”

“बोटं कुणाची गेलीत?”

ठेवले, पाहिले, उतरवले. त्याने स्वतःच दिलेला रंग स्वतःच घासला. पिवळी धूळ मडगार्डवर, बुटांवर, लेथवाल्याच्या केसांत बसली. लेथवाला एक शब्द बोलला नाही, हे इथे मुद्दाम नोंदवतो. रडलात का, असे मुलगी विचारील. नाही. आम्ही दोघांनीही घासकामाचे चष्मे लावले होते.

पुन्हा ठेवले. सवयीने मी फटीवर अंगठा फिरवला. काही कळले नाही. धाकट्याने त्याचा फिरवला.

“किती?”

“नखभर.”

“पलीकडे?”

तो फिरून माझ्या बाजूला आला. माझा हात बाजूला सारून अंगठा वरपासून खालपर्यंत नेला. “नखभर. झालं.”

पिना बसवल्या. काठी दिली. मग तो म्हणाला, “उघड तू. डाव्या हातानं.” मी उचलले. वजन लागले नाही. ते फायबरमुळे की बोटांमुळे, सांगता येत नाही. बॉनेट वर गेले आणि काठीवर राहिले. रेडिएटरमध्ये पाणी नव्हते, ते भरले.

कलम ५ मधली अट पुरी झाली आहे, तेव्हा ती वगळून वाचावे. गाडी मुलीची. तिने पहिल्या दिवशी आधी काय करायचे ते तिला माहीत आहे.

दुसरा साक्षीदार अजून मिळायचा होता. धाकटा म्हणाला, “आण, मी करतो.” कलम ६ त्याच्या नावे असल्याने त्याला सही करता येत नाही, असे मी सांगितले.

“मग खोड सहा.”

“शेडचं काय करायचं?”

“तू परत ये. मग बघू.”

कलम ६ खोडले आहे. खोडल्याजागी माझी सही आहे. बाकीचे कलमवार कायम.

ठिकाण: शेडमधले टेबल, आता पार्टिशनच्या दोन्ही बाजूंनी दिसते असे, कारण धाकट्याने मधली एक फळी काढून तिच्यावर पिनांची भोके आधी पाडून पाहिली.
तारीख: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, मंगळवार.

सही: थोरला, उर्फ शास्त्री. अक्षर वेडेवाकडे आहे, पेन बोटांना कळत नाही. सही माझीच आहे.

साक्षीदार पहिला: लेथवाला, शेजारचा गाळा. सगळे वाचून सही केली. वाचू नका असे कोणी सांगितले नव्हते.

साक्षीदार दुसरा: धाकटा, रंगकाम. दादाने माझ्यासमोर सही केली. बॉनेट बसले आहे. खालची बाजू रंगवलेली नाही, रंगवणारही नाही. खूण आहे तशी आहे.