पहिला घोट अप्पांचा

३ फेब्रुवारी
पुन्हा तेच! वाइनची बाटली मी उघडली, वास मी घेतला, अप्पांच्या कानाशी हळूच म्हणाले — पेरू, थोडा मध, मागून लिंबाच्या सालीचा कडवटपणा. दोन मिनिटांत अप्पा हॉटेलवाल्यांना सांगतायत, "शेनिन ब्लाँ. दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या वेलींची. पेरू बघा, मध बघा..." सगळ्यांच्या माना डोलतायत. पेरायचं मी, कापायचं माझ्या बापाने. वर एक जण मला म्हणतो, "ताई, जरा पाणी आणा."

आणलं.

६ फेब्रुवारी
जेवताना अप्पांनी जाहीर केलं — दुकान पुढे दादा बघेल. दादा! लेबल वाचल्याशिवाय ज्याला वाइन आणि सरबत यांतला फरक कळत नाही! गाढवाला गुळाची चव काय?

"आणि मी?" मी विचारलं.

"तू आहेसच की," अप्पा म्हणाले आणि मीठ मागितलं.

आईने मीठ पुढे सरकवलं. नेहमीसारखंच.

७ फेब्रुवारी
दिवसभर ग्लास पुसले. कोणाशी बोलले नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

११ फेब्रुवारी
दुपारी दुकानात एकटी होते. पिनोटाज उघडली — दक्षिण आफ्रिकेचीच लाल द्राक्षं, तिकडेच दोन जातींचा संकर करून जन्माला घातलेली. आधी धूर. मग पिकलं जांभूळ. मग जिभेच्या कडांना बारीक तुरटपणा, तो बराच वेळ जात नाही. हिला नावं ठेवणारे फार. जळक्या रबराचा वास येतो म्हणतात. घाईने केली तर येतोही. पण सांभाळून केलेली असली तर तिच्यासारखी तीच. संध्याकाळी हे सगळं अप्पांना सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. ऐकणारच, उद्या त्यांनाच बोलायचंय!

२१ फेब्रुवारी
आज मोठ्या हॉटेलचा खरेदीवाला आला होता. वर्षभराची ऑर्डर. अप्पा सकाळपासून नवा शर्ट घालून तयार.

आमच्याकडे रीत आहे — ओतायचं मी, पहिला घोट अप्पांचा, त्यांनी मान हलवली की बाकीचे ग्लास भरायचे. पिनोटाज उघडली आणि नाकात ओला पुठ्ठा! बूच बिघडलेलं, वाइन मेलेली. अशी बाटली मी निमूट बाजूला ठेवते, दुसरी उघडते. आज नाही ठेवली. म्हटलं, एवढे जाणकार आहात ना, ओळखा!

ओतली.

अप्पांनी ग्लास नाकाशी नेला, घोट घेतला, मान हलवली. "धूर बघा," म्हणाले. "पिकलं जांभूळ बघा."

खरेदीवाल्याने घोट थुंकला. "साहेब, ही खराब आहे. तुम्हाला कळलं नाही?"

अप्पांचा चेहरा एवढासा झाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? फार बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी
ऑर्डर गेली. अप्पा खोलीबाहेर आले नाहीत. दादा मला विचारतो, "बूच बिघडतं म्हणजे नक्की काय गं?" हे आमचे मालक!

२४ फेब्रुवारी
आई बोलली. गेल्या वर्षीच्या तापापासून अप्पांना कसलाच वास येत नाही, चव नाही. कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती तिला.

"मग मान कशाला हलवली त्यांनी?" मी ओरडलेच.

"तू ओतलीस म्हणून," आई म्हणाली. "खराब असती तर पोरीने ओतलीच नसती, म्हणतात. अजूनही तेच म्हणतायत."