पुलाच्या चढावर

गायत्री,

काल पुलाच्या चढावर गाडी मागे सरकून रिक्षाला टेकली आणि तू किल्ली नवऱ्याला, कुंदनला देऊन मोकळी झालीस. अगं, तुझे सासरे गाडी शिकत होते तेव्हा घाटात थांबावं लागलं की मला म्हणायचे, "उतर, दगड लाव." मी चाकामागे दगड लावायची, गाडी निघाली की तोच उचलून मागून पळायची. पुढच्या चढापर्यंत तो माझ्या मांडीवर असे. हँडब्रेक धरून हळूच क्लच सोडायला ते फार उशिरा शिकले.

मी बहिणीकडे पर्वत पाटियाला जाते आहे. भाजी चिरून ठेवली आहे. संध्याकाळी गाडी घेऊन मला न्यायला ये, पुलावरूनच. कुंदन आला तर मी तिथेच राहीन.

आई