स्पेशल वर्गाचे पेढे

वाशी,
ता. ६ मार्च १९८४

आदरणीय शिवरामकाका यांस,

सदूचा सविनय जय भीम. काकूंचे गुडघे कसे आहेत? त्यांना विहिरीवर जाऊ देऊ नका (त्या ऐकणार नाहीत, पण पुतण्याने लिहिलेलं बरं दिसतं). आम्ही इथे सर्व खुशाल आहोत. रखमा माझ्याशी बोलत नाही, तेवढं सोडलं तर खुशालच म्हणायचं.

तुमचं कार्ड मिळालं. जयंतीला विहारात आमच्या नंदिनीचा सत्कार, शाल, फाउंटन पेन, (नारळ नको हा तुमचा जुना आग्रह, म्हणून) डझनभर वह्या आणि शेवटी तुमचं भाषण. वाचून कार्ड तसंच खिशात घातलं. काका, यात चूक सगळी माझी आहे आणि ती पेढ्यांपासून सुरू झाली.

झालं असं की दिवाळीनंतर शाळेतून निरोप आला, नंदिनीला स्पेशल वर्गात घेतलंय, त्यासाठी मुंबईहून वेगळ्या बाई येतात. आता स्पेशल म्हटल्यावर माणसाने काय समजावं? स्पेशल चहा म्हणजे दूध जास्त. कारखान्यात स्पेशल पाहुणा यायचा असला की आम्हा टाइमकीपरांनासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालावा लागतो. त्यात पोरगी तिसरीचं पुस्तक घडाघडा वाचायची. (एकदा पान उलटायला विसरली तरी पुढच्या पानावरचं वाचत राहिली. मी म्हटलं, काय ही हुशारी!) रखमा म्हणाली होती, "आदी शाळंत इचारून तरी या." पण बायकोचं ऐकून पेढे थांबवील तो सदू कसला! अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाटले, कारखान्यात वाटले आणि तुम्हाला एस.टी.ने डबा पाठवला.

शेजारच्या गंगारामने तेव्हा पेढा मुकाट खाल्ला होता. (हा जुहूगावचा. शेती सरकारने नव्या शहरासाठी घेतली, तेव्हापासून आमच्याच कारखान्यात आहे.) जानेवारीच्या चाचणीत त्याची सखू नापास झाली आणि त्याला माझा पेढा आठवला. तडक शाळेत जाऊन, माझ्या पोरीला स्पेशलमध्ये का घेत नाही म्हणून हेडबाईंशी भांडला. त्यांनी त्याला नीट समजावून सांगितलं. तो परत आला तो जिन्यापासूनच ओरडत, "अरं सदू, तो वर्ग ज्यांना वाचता येत नाय त्यांचा हाय! तुज्या नंदिनीला अक्षरां उलटी दिसतान. ऐकून पाठ करते नि म्हनते ती!" बिल्डिंगमधली सगळी दारं उघडली. प्रत्येक दारात माझा पेढा खाल्लेलं एक तोंड.

लाज वाटली, काका. इतकी की दुसऱ्या दिवशी हेडबाईंच्या टेबलावर हात आपटून म्हणालो, माझी मुलगी वेडी नाही, तिचं नाव काढा. त्या म्हणाल्या, वेडी कोण म्हणतंय? ताटातल्या वाळूत बोटाने अक्षरं गिरवून आत्ता कुठे ती लावून वाचायला लागली आहे, मध्येच तोडू नका. मी तोडलं. घरी येताना पोरगी माझ्यामागून चालत होती. बाई मोजकीच मुलं घेतात, त्यामुळे जागा रिकामी झाली, आणि गंगारामने काय करावं? तिथे सखूला बसवून आला. "माजी पोर कच्ची हाय तं हाय, त्यात लाज कसली?" आणि वर पेढे घेऊन आमच्या दारात हजर! मी दार उघडलं नाही. रखमाने उघडलं, पेढा घेतला, खाल्ला, आणि तेव्हापासून माझ्याशी अबोला धरलाय.

म्हणून हात जोडून विनंती की सत्कार रद्द करा. विहारात एवढंच सांगा की नंदिनीला ताप आहे, प्रवास झेपणार नाही. जयंतीला अजून महिना आहे खरा, पण ताप लांबलाय म्हणावं. फारच कुणी खोदून विचारलं तर विषमज्वर म्हणा. पोरीला कुणी हसू नये म्हणून लिहितो (मला हसू नये म्हणून लिहितो).

आपला पुतण्या,
सदू

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो, तर नंदिनी मागे येऊन उभी. बोट ठेवून लावायला लागली, "नं... दि... नी... ला..." मी कागद ओढला, तिने परत ओढला. "ता... प. ताप!" काका, हे काही पाठ केलेलं नव्हतं. हे पत्र तिने कुणाच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. मग तिने स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "बाबा, मला कुठं ताप हाय?" इतके दिवस तिला वाचता येत नाही म्हणून मला लाज वाटत होती. आज तिला वाचता आलं आणि मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. रखमा बोलली. म्हणाली, "जावा आता शाळंत."

पुन्हा ता. क. जाऊन आलो. हेडबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, जागा भरली. मी म्हटलं, बाई, ती वाचते, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आता तिला सोडू नका. (माझा आवाज चढला असावा, कारण शिपाई आत आला.) शेवटी मुंबईच्या बाई म्हणाल्या, बघू या, आणि सखू आपण होऊन बाकावर सरकली. तेव्हा सत्कार ठेवा. भाषणात स्पेशल म्हणजे काय ते सगळ्यांना स्वच्छ सांगा. आणि हे पत्र जपून ठेवा, तापाची ओळ खोडू नका. त्या दिवशी सगळ्यांसमोर काहीतरी वाचून दाखवायचं तिच्या मनात आहे. काय वाचशील विचारलं, तर म्हणाली, हेच. मी हो म्हणून बसलोय.