पहिल्याच हाकेले ओ

डिंपलताई,

आपल्या कादंबरीचा पाचवा भाग वाचून झाला. चुलीजवळ ठेवला हाय, जाळला तरी चालते. चार भाग आपण दोघीनं जीव टाकून वाचले. रानातल्या राजपुत्राच्या पहिल्या हाकेले जी पोरगी ओ देते, ती परत येत नाई, असं त्यात होतं. अन् शेवटी नायिका पहिल्याच हाकेले ओ देते, तरी तिले काईच होत नाई. मस्त हॉलमधी लग्न लागते. लिहिणारी बाई कधी मोहफुलं वेचाले गेली नसन. आपल्याले तर आईनं लहानपणीच सांगतलं, तीनदा हाक आल्याबिगर रानात ओ द्यायची नाई.

मी रागानं पुस्तक मिटलं, तेवढ्यात घरामागच्या मोहाच्या झाडाकडून तुह्या आवाजात हाक आली. एकच. तशाच रागात मी ओ दिली. मग याद आली, तू तर दुपारच्या बसनं येणार हायेस.

आई त्याच मोहाखाली एकटी वेचून राह्यली, म्हणून जाऊन राह्यली मी. भात झाकून ठेवला हाय.

परत आल्यावर दारातून हाक मारीन. तीनदा मारली तरच कडी काढ. एकदाच मारून चूप बसली, तर आवाज माहाच असला तरी काढू नको.

आचल