यांना सरळ करण्याचा प्रोग्रॅम

२ मार्च, सकाळी

…तर पाणी भरून झालं होतं, चादरी झटकून झाल्या होत्या, ओटा पुसून मी फडकं पिळत होते, तेवढ्यात हे म्हणाले, इकडे ये, खिडकीत उजेड बरा आहे. कॅमेरा स्टुलावर ठेवला, टायमर लावला आणि पळत येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. मी ओल्या हातांनीच हसले. तो यांचा शेवटचा फोटो. काल तो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. यांची मान वाकडी आहे. मग बाकीचे काढले. सगळ्यांत वाकडी.

कॅमेरा घेतल्यापासूनच्या बारा वर्षांत आम्हां दोघांचे तीनशे बारा फोटो आहेत. सगळे टायमरचे. पाच एप्रिलला यांना जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी सगळे जमतील, तोवर अल्बम तयार पाहिजे. यांची धाकटी बहीण, आमच्या वन्सं, सगळीकडे सांगत असतात की दादा वहिनीपाशी कधी रमला नाही. अल्बम बघून त्यांचं तोंड बंद होईल. फक्त माणूस सरळ उभा दिसायला हवा.

३ मार्च

मुलगी म्हणाली, स्टुडिओत दे ना, दोन दिवसांत करून देतील. जावई कॉम्प्युटरमधलेच. ते म्हणाले, आई, एकेक फोटो हाताने फिरवण्यापेक्षा एकदाच कोड लिहायचा, मग तोच हजार फोटोंना चालतो. गमतीत म्हणाले असावेत. मी गमतीत घेतलं नाही. शाळा लवकर सुटली माझी, पण वाचायची कधी थांबले नाही. वाचनालयातून जाड पुस्तक आणलं. चारशे ऐंशी पानं. रोज ऐंशी वाचली की सहा दिवसांत संपतं. सातव्या दिवशी यांना सरळ करायचं.

९ मार्च

पान एकतीस. पाया पक्का करते आहे.

१४ मार्च, दुपारी

कोडच्या तयार तुकड्याला फंक्शन म्हणतात. त्याला एक नाव द्यायचं, हातात वस्तू द्यायची, तो काम करून परत देतो. पुन्हा दिली तर पुन्हा करतो, कुरकुर नाही. मी नाव ठेवलं सरळ_कर. जावई म्हणाले, नावं इंग्रजीत ठेवतात. मी म्हटलं, बत्तीस वर्षं यांना नावाने हाक मारली नाही, आता इंग्रजीत कुठे मारू?

फोटो दिला, किती अंश ते दिलं, चालवलं. फोटो फिरला! उलट्या बाजूला फिरला, त्यामुळे हे आणखी आडवे झाले. पण फिरला. जावई म्हणाले, आधी सगळ्या फोटोंची नक्कल वेगळी काढून ठेवा, मग काय ते प्रयोग करा. उद्या काढते.

१८ मार्च

उणे चिन्ह घातलं. आता बरोबर बाजूला फिरतं. पण अंश मी कोनमापक पडद्याला टेकवून मोजत होते, सतरा फोटोंत डोळे चुरचुरायला लागले. जावयांनी एक तयार कोड आणून दिला. तो चेहऱ्यातले दोन डोळे शोधतो. डोळ्यांतून रेघ ओढायची, ती किती कलली ते मोजायचं, तेवढंच फिरवायचं. दोन चेहऱ्यांतला यांचा कुठला, ते तेवढं मी दाखवते. माझा चेहरा मोजायची गरज नाही. मी सरळच उभी असते.

नक्कल उद्या नक्की.

२४ मार्च

यादी छापून घेतली. तीनशे बारा ओळी. अधिक म्हणजे मान डावीकडे, उणे म्हणजे उजवीकडे. जावई चहा पिता पिता वाचत होते. म्हणाले, आई, गंमत बघा. तुम्ही डावीकडे उभ्या तिथे सगळे उणे. तुम्ही उजवीकडे तिथे सगळे अधिक. मुलीने टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला. मला दिसलं. मग ते म्हणाले, म्हणजे कोड अगदी चोख चाललाय, असं म्हणायचं होतं.

कारण साधं आहे. पळत आलेला माणूस थांबताना पलीकडे झुकतो. हे कोणालाही कळेल.

२५ मार्च

खात्री करावी म्हणून यांचे इतरांबरोबरचे फोटोही कोडला दिले. एकदा लिहिलेला कोड कुठेही वापरता येतो, हाच तर त्याचा फायदा.

ऑफिसातल्या मित्रांबरोबर शून्य. मुलीबरोबर दोन अंश, तिच्याकडे. वन्संबरोबर तीन, त्यांच्याकडे. त्या बुटक्या आहेत. शेजाऱ्यांच्या कुत्र्याबरोबर अकरा अंश, कुत्र्याकडे. तोही टायमरचाच फोटो, तिथेही पळतच आले असणार.

माझ्याबरोबर सरासरी नऊ. पलीकडे.

कुत्रा बसलेला होता, वाकावंच लागतं. आणि यांची मान दुखत असणार. बत्तीस वर्षांत एकदाही बोलले नाहीत. किती सोसलं असेल!

२९ मार्च

तीनशे बारा फोटो चार मिनिटांत झाले. हे सरळ. समुद्रावर सरळ, मुलीच्या लग्नात सरळ, त्या खिडकीपाशी सरळ. मी टाळी वाजवली.

मग नीट पाहिलं. हे सरळ झाले, बाकी सगळं कललं. खिडकी कलली, समुद्र एका बाजूला सांडतोय, आणि मी यांच्यापासून लांब झुकून उभी आहे. कुणी पाहिलं तर म्हणेल, या बाईला नवऱ्याचा वास सहन होत नाही. शिवाय प्रत्येक फोटोच्या चारी कोपऱ्यांत काळे त्रिकोण आले. जावई फोनवर म्हणाले, त्रिकोण येणारच, कडा कापून टाका. नक्कल आहे ना? मी म्हटलं, आहे. आज काढणारच होते.

३० मार्च

दुसरं फंक्शन लिहिलं. नाव कड_काप. यादी तीच, फोटो तेच, सेव्हही कालसारखेच त्याच नावांनी, जुन्यांवरच केले. दोन-दोन फायली म्हणजे उगाच पसारा. दोन मिनिटांत काम फत्ते. काळे त्रिकोण गेले.

मीही गेले. कॅमेरा यांनीच लावलेला असायचा, त्यामुळे मधली जागा यांची, कडेची माझी. काही फोटोंत माझा कान उरलाय, बऱ्याच फोटोंत खांदा. खिडकीपाशी एक ओला हात.

नक्कल काढायची राहिली होती.

जावई तीन तास कॉम्प्युटरपुढे बसले. म्हणाले, आई, आता नाही येत परत. मुलगी रडायला लागली. मी तिला म्हटलं, अगं, तुझे बाबा किती सरळ आलेत ते तर बघ.

५ एप्रिल

सगळे आले. वन्संनी अल्बम मांडीवर घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. म्हणाल्या, दादा किती प्रसन्न दिसतो गं, अगदी असाच होता. मग चष्मा वर करून विचारलं, वहिनी, तू कुठे आहेस?

मी म्हटलं, मीच काढायचे ना फोटो.

वन्सं म्हणाल्या, तरीच! तुझ्यापासून चार पावलं लांब उभं राहायला मिळालं, म्हणून इतका हसतोय.

सगळे हसले. मीही हसले. मुलगी उठून आत गेली. वन्संनी अल्बमची एक प्रत मागून घेतली. म्हणजे त्यांना आवडला. कोडची मेहनत वाया गेली नाही.

जावई निघताना हळूच म्हणाले, आई, शेवटचं पान रिकामं आहे. तुमचा एक तरी लावू.

६ एप्रिल

सकाळी स्टुडिओत गेले. फोटोवाला म्हणाला, मावशी, मान सरळ ठेवा. ठेवली. तो पुन्हा म्हणाला, अहो, तिकडे कुठे कलताय, तिकडे कोणी नाहीये. मी म्हटलं, सरळच आहे मी. तिसऱ्यांदा तो उठून आला आणि दोन बोटांनी हनुवटी धरून त्याने माझी मान सरळ केली. मी एकटीचा एक फोटो काढून घेतला आणि घरी आले.